माहेरच्या घरासाठी माती आणि विहिरीचं पाणी तपासून घेतलं, त्याचा अनुभव (४ स्टार)

आमच्या विहिरीच्या पाण्याचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्यात नायट्रेट १४ (लिटरमागे मिलीग्रॅम) लिहिलेलं होतं आणि बाजूच्या रकान्यात मर्यादा ४५, म्हणजे सगळे खूश, दादाने तो कागद फ्रिजवर चिकटवूनसुद्धा ठेवला. तो रिपोर्ट, ज्या माती-पाणी तपासणाऱ्या लोकांचा हा रिव्ह्यू आहे, त्यांचा नव्हता, आधी दुसऱ्या एका लॅबमधून करून घेतलेला होता. ह्यांचा माणूस पहिल्यांदा घरी आला, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आला, त्याची नजर त्या कागदावर गेली आणि त्याने तांब्या तसाच खाली ठेवून विचारलं, ताई, ह्या घरात लहान बाळ कोण आहे का? तिथून सगळं सुरू झालं म्हणून हा रिव्ह्यू एवढा मोठा लिहितेय, वेळ असेल तर पूर्ण वाचा, कारण आपल्या भागात ज्यांच्याकडे अजून ड्रेनेज लाईन आलेली नाही आणि घरात विहीर किंवा बोअर आहे त्या प्रत्येकाला हे लागू होतं.

आधी घराचं सांगते. मी राहते कळव्याला, पण माहेर शिळफाट्यावरून तळोज्याकडे जाताना दहिसर मोरीच्या पुढे आत आहे. ५ गुंठे जागा, पुढे जुनं घर, मागे आंब्याचं झाड आणि वडिलांच्या हातची दगडी विहीर. नळाचं पाणी येतं पण रोज येत नाही, आलं तरी अर्धा पाऊण तास, त्यामुळे प्यायला, स्वयंपाकाला विहीरच. दादाला मागच्या बाजूला दोन खोल्या आणि नवीन संडास-बाथरूम काढायचं होतं. काँट्रॅक्टर आला, पाच मिनिटं फिरला आणि म्हणाला इथे सेप्टिक टँक, इथे १० फूट शोषखड्डा, झालं काम. मी विचारलं विहीर बाजूलाच आहे, तर म्हणे सगळ्या गावाचं असंच आहे, कोणाला काय झालंय. ते उत्तर मला पटलं नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने कर्जतला फार्महाऊस बांधताना ह्या लोकांकडून माती तपासून घेतली होती, तिच्याकडून नंबर घेतला. त्यांचं काम हेच आहे, जमीन सांडपाणी मुरवायला लायक आहे की नाही ते बघायचं, आजूबाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी तपासायचं, आणि टाकी कुठे, कशी, किती खोल ते लिहून द्यायचं. बांधकाम ते स्वतः करत नाहीत, हे मला सगळ्यात बरं वाटलं, कारण जो टाकी विकतो तोच जमीन चांगली म्हणणार ना.

मे महिन्यात आले. एक इंजिनिअर, वय तिशीच्या आतलं, आणि बरोबर एक मदतनीस. आल्या आल्या मशीन वगैरे काही काढलं नाही, आधी काकांना ओट्यावर बसवून विचारत बसला, काका, श्रावणात विहिरीला दोर किती लागतो? काका म्हणाले चार हात पुरतात, आता मेमध्ये पंधरा-सोळा लागतात. त्याने लगेच वहीत लिहून घेतलं. नंतर टेप घेऊन विहिरीपासून जुन्या टाकीपर्यंत मोजलं तर ११ मीटर भरलं. शेजाऱ्यांची टाकी त्यांच्या कुंपणाच्या पलीकडे, पण आमच्या विहिरीपासून फक्त ९ मीटर. मग त्याने सांगितलं की आपल्याकडे सेप्टिक टँकचं जे भारतीय मानक आहे, आयएस २४७०, त्यात सांडपाणी मुरवायची जागा पिण्याच्या विहिरीपासून कमीत कमी १८ मीटर लांब हवी असं लिहिलंय, आणि राहत्या घरापासून ६ मीटर. दादा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं आम्हाला हे कोणी बोललंच नाही, टाकी बांधणारे गवंडी गावात सगळ्यांकडे तेच आहेत आणि त्यांनाही हे माहीत नसावं.

मग मातीचा खड्डा. अंगणाच्या तीन बाजूंना तीन जागा निवडल्या, एका ठिकाणी दीड मीटर खोल खड्डा खणून त्याची भिंत नीट तासून घेतली आणि थर दाखवले. वरती हातभर काळपट भाताची माती, खाली पिवळसर चिकट माती, त्याच्या खाली मुरूम, आणि मुरुमाच्या खाली आपला काळा कातळ लागतोच. त्याने त्या चिकट मातीचा गोळा घेतला, थोडं पाणी लावून मळला, आपण कणीक मळतो तसा, आणि अंगठा आणि बोटामध्ये दाबत दाबत त्याची पट्टी काढत गेला. पट्टी जेवढी लांब निघते न तुटता तेवढी माती चिकण, तेवढं पाणी कमी मुरणार. आमची पट्टी बोटाएवढी निघाली आणि मग तुटली. काकूला हे फार आवडलं, तिने लगेच स्वतः करून बघितली. मग त्याने काकूकडून लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागून घेतली, त्यात माती आणि पाणी घालून हलवून कट्ट्यावर ठेवली, म्हणाला बघत राहा, वाळू मिनिटभरात बसेल, गाळ दोन तासात, आणि चिकणमाती उद्यापर्यंत पाण्यात तरंगत राहील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पण पाणी गढूळच होतं.

पण त्या खड्ड्यात मला सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे ते ठिपके. साधारण एक मीटर खोलीच्या खाली मातीत राखाडी रंगात भगवे ठिपके ठिपके होते, मला वाटलं गंजलेलं काहीतरी पुरलं असेल. तो म्हणाला हे पाण्याच्या खुणा आहेत, दरवर्षी पावसाळ्यात पाणी इथपर्यंत चढतं, तेवढे दिवस मातीत हवा राहत नाही, म्हणून मातीतलं लोखंड रंग बदलतं. काकांच्या चार हात दोराचं गणित कठड्याची उंची वजा करून त्याने केलं तर पावसाळ्यात पाणी जमिनीच्या खाली साधारण सव्वा मीटरवर येतं. म्हणजे काँट्रॅक्टर जो १० फूट खोल शोषखड्डा सांगत होता तो आषाढ-श्रावणात निम्म्याहून जास्त भूजलातच बुडलेला राहणार, संडासचं पाणी मातीतून गाळून जायचं सोडून थेट विहिरीच्या पाण्यात. मेमध्ये कोरडा खड्डा बघून कोणालाही वाटेल काय मस्त आहे. मानकात पण पाण्याची पातळी १.८ मीटरच्या आत येते की खाली राहते ह्यावरच सगळा निर्णय वेगळा होतो, आणि तो काँट्रॅक्टर तर पातळी विचारतसुद्धा नव्हता.

त्यानंतर पर्कोलेशन टेस्ट, म्हणजे जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायचं. ही सगळी मी स्वतः उभी राहून बघितली म्हणून नीट लिहिते, कारण कोणी तुमच्याकडे येऊन बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटात निकाल देत असेल तर ती टेस्ट नाही. तिन्ही ठिकाणी वीतभर रुंद गोल भोकं पाडली, जेवढ्या खोलीवर पाणी सोडायचं तेवढी खोल. पहारीने भोक पाडताना बाजूची माती दाबली जाते आणि गिलाव्यासारखी गुळगुळीत होते, त्यातून पाणी मुरत नाही, म्हणून खिळे लावलेल्या फळीने आतल्या बाजू आणि तळ खरवडून घेतले, सुटी माती काढली, तळाला ५ सेंटीमीटर बारीक खडी टाकली. मग खडीच्या वर ३० सेंटीमीटर पाणी भरून रात्रभर माती पूर्ण ओली होऊ दिली, कारण कोरडी चिकणमाती आधी पाणी पिते, फुगते, आणि मग कुठे तिचा खरा वेग कळतो. सकाळी सात वाजता मदतनीस परत हजर. ज्या भोकांत रात्रीचं पाणी शिल्लक होतं तिथे खडीवर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरलं ते फळीवरून पट्टीने मोजलं. पहिल्या भोकात २१ मिलीमीटर, दुसऱ्यात १८. त्यावरून २५ मिलीमीटर उतरायला किती मिनिटं लागतील ते काढायचं, तर पहिल्याचं ३६ मिनिटं आणि दुसऱ्याचं ४२ मिनिटं आलं. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये असेल तर उथळ चर खणून पाणी पसरवायचं, ६० च्या वर गेलं तर जमिनीत मुरवायचा विषयच सोडायचा आणि आधी फिल्टरमधून काढायचं.

तिसरं भोक आंब्याच्या पलीकडे, विहिरीच्या वरच्या अंगाला होतं, तिथे सकाळी थेंबभर पाणी नव्हतं. परत भरून दर अर्ध्या तासाने चार तास मोजत बसले, शेवटच्या अर्ध्या तासात तब्बल ११० मिलीमीटर उतरलं, म्हणजे २५ ला सातच मिनिटं. दादा आणि काका एकदम खूश, इथेच खड्डा मारा, पाणी झटकन जातंय, कधी तुंबणार नाही. आणि इंजिनिअर म्हणाला हीच जागा सगळ्यात वाईट आहे. आम्हाला कळेना. मग त्याने समजावलं की तिथे माती जेमतेम दोन फूट आहे, खाली भेगाळलेला कातळ लागतोय, पाणी मातीतून मुरत नाहीये, भेगेतून पळतंय. सांडपाणी स्वच्छ होतं ते मातीत हळूहळू जाताना, तिथल्या जिवाणूंना वेळ मिळतो तेव्हा, भेगेत गेलेलं पाणी गाळलं जात नाही, ते कुठे निघेल सांगता येत नाही, आणि उतार तर सरळ विहिरीकडे आहे. आपल्या सगळ्या ठाणे पट्ट्यात खाली बेसाल्टच आहे, त्यात पाणी साठतं आणि वाहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांमध्येच, त्यामुळे हा धोका घरोघरी आहे. खरं सांगते, हा माणूस नसता तर आम्ही त्याच जागेवर खड्डा मारला असता आणि चांगली जागा मिळाली म्हणून पेढे वाटले असते.

जुनी टाकी बघायची होती तेव्हाचं एक सांगायलाच हवं. टाकीला तळ आहे की नाही हे कोणाला आठवत नव्हतं. गावातला एक मुलगा म्हणाला मी उतरून बघतो, पाचशे द्या. इंजिनिअरने त्याला हात धरून मागे घेतलं आणि चांगला रागावला, म्हणाला सेप्टिक टँकमधला वायू दोन श्वासात माणूस आडवा करतो, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत सफाईला उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि माझ्या कामावर कोणी उतरणार नाही. सक्शन गाडी बोलावून टाकी रिकामी केली, वरूनच पाणी भरलं, खूण केली आणि रात्रभर सोडलं. सकाळी पाणी वीतभर खाली. तळ कच्चाच होता, नुसती माती. म्हणजे इतकी वर्षं आमच्याकडे सेप्टिक टँक नव्हतीच, झाकण लावलेला खड्डा होता. म्हणून तर ती कधी भरली नाही, आणि आई कौतुकाने सांगायची की आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. नीट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते. जी भरतच नाही तिच्यातलं कुठे जातंय हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

आता पाणी. ह्यांनी तीन ठिकाणचं पाणी घेतलं, आमची विहीर, शेजारचं बोअर, आणि वरच्या अंगाला शेताकडची जुनी विहीर जिथे आसपास घर नाही. बोअरचं पाणी घ्यायच्या आधी मोटर बराच वेळ चालू ठेवली, पाइपातलं शिळं पाणी निघून जाऊ दिलं. नायट्रेटसाठी वेगळी स्वच्छ बाटली, जंतूंसाठी निर्जंतुक केलेली वेगळी बाटली जिचं झाकण सुद्धा आतून हात न लावता उघडायचं, दोन्ही बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला. आधीच्या वेळी दादा बिसलेरीची रिकामी बाटली भरून गाडीच्या डिकीत टाकून दुसऱ्या दिवशी देऊन आला होता. निकाल आले ते असे, शेताकडची विहीर ९, शेजारचं बोअर ३३, आमची विहीर ६२, आणि आमच्या विहिरीत ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, पण सापडले. मर्यादा ४५, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये तीच दिली आहे आणि दुसरा स्रोत नसला तर जास्त चालेल अशी सूट नायट्रेटला नाही.

मग आधीचं १४ काय होतं? तर तो रिपोर्ट खोटा नव्हता. त्यात नायट्रेट नुसतं नायट्रोजनच्या हिशोबात दिलेलं होतं, बारीक अक्षरात तसं लिहिलेलं, पण बाजूला मर्यादा छापली होती ती पूर्ण नायट्रेटच्या हिशोबातली. नायट्रोजनचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट येतं. १४ गुणिले ४.४३, बरोबर ६२. म्हणजे फ्रिजवर लावलेला तोच कागद पाणी खराब आहे असं सांगत होता आणि आम्ही तो पास समजून बसलो होतो. अमेरिकेत मर्यादा १० सांगतात आणि आपल्याकडे ४५, ऐकून वाटतं आपले नियम ढिले आहेत, पण तिथला १० नायट्रोजनमधला आहे, दोन्ही जवळजवळ एकच. तुमच्याकडे पाण्याचा जुना रिपोर्ट पडला असेल तर आज काढा आणि आकड्याच्या शेजारी काय लिहिलंय ते बघा, ही कळकळीची विनंती आहे.

आणि लहान बाळाचा प्रश्न त्याने का विचारला ते. माझा भाचा तेव्हा चार महिन्यांचा होता, वहिनीला दूध कमी येत होतं म्हणून पावडरचं दूध चालू होतं, आणि ते विहिरीच्या पाण्यात. वहिनी पाणी वीस वीस मिनिटं उकळायची, किती काळजी घ्यायची बिचारी. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं म्हणजे प्रमाण वाढतं. साधा कँडलचा फिल्टर, यूव्ही, क्लोरीनचे थेंब, ह्या कशानेच जात नाही, आरओने कमी होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, बाळ निळसर पडतं. १९४५ साली अमेरिकेत आयोवामध्ये कॉमली नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा दाखवलं होतं, विहिरीच्याच पाण्यात दूध करून पाजलेली बाळं होती ती. वहिनी ऐकून रडायलाच लागली. इंजिनिअरने तिला नीट सांगितलं की ६२ म्हणजे घाबरून जायचा आकडा नाही पण बाळाला हे पाणी आजपासून बंद, आणि ओठ-नखं निळसर दिसली तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. त्याच संध्याकाळी दादा वीस लिटरचे दोन जार घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवून आलो. बाळ छान आहे, आता रांगतंय.

हे नायट्रेट येतं कुठून हे पण मला त्याच्याकडूनच कळलं, मला वाटायचं ते फक्त शेतातल्या युरियाचं असतं. आपल्या लघवीतून-संडासातून एक मोठा माणूस वर्षाला साधारण ४ किलो नायट्रोजन बाहेर टाकतो. टाकीत हवा नसते, तिथे त्याचं अमोनिया होतं. टाकीतून बाहेर मातीत आलं, हवा लागली, की मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियाला चिकणमाती धरून ठेवते, नायट्रेटला धरत नाही, ते पाण्याबरोबर सरळ खाली जातं. त्याने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं, मोठी माणसं ५, म्हणजे २० किलो. आपल्याकडे पाऊस साधारण २५०० मिलीमीटर, त्यातला दहावा भाग जमिनीत मुरला असं धरलं तर आमच्या ५ गुंठ्यांवर वर्षाला सव्वा लाख लिटर, आणि घराचं सांडपाणी माणशी १०० लिटर धरून एक लाख ब्याऐंशी हजार. तीन लाख लिटर पाण्यात २० किलो. त्यातलं अर्धं गाळात राहिलं, हवेत गेलं म्हटलं तरी नायट्रेट १४० च्या वर, मर्यादेच्या तिप्पट. आमच्या विहिरीत ६२ च आहे कारण वरच्या शेतांकडून चांगलं पाणी येऊन मिसळतंय. पण तिकडेही आता प्लॉट पडतायत, ती शेतं गेली आणि तिथे चाळीस घरांच्या चाळीस टाक्या आल्या की काय होणार हे त्या पानावर दिसत होतं. शेताकडच्या विहिरीचं ९ असल्यामुळे युरियाचा भाग थोडाच आहे हेही कळलं, आणि ई-कोलाय असल्यामुळे मैल्याचा हात आहे हे पक्कं झालं. मी विचारलं क्लोराईड पण तपासतात ना सांडपाणी ओळखायला, तर म्हणाला तुमच्याकडे चालेल, पण ऐरोली, घणसोली, दिवा अशा खाडीकाठी त्याचा उपयोग नाही, तिथे पाण्यात मीठ खाडीचंच असतं.

रिपोर्टमध्ये सुचवलं ते असं. जुनी टाकी उपसून भरून बंद करायची. नवीन टाकी पक्क्या तळाची, दोन कप्प्यांची. पाणी मुरवायला खोल खड्डा अजिबात नाही, विहिरीच्या खालच्या अंगाला, २३ मीटरवर, भर घालून जमीन उंच करून त्यात उथळ चर आणि वर केळी-कर्दळ, म्हणजे पावसाळ्यात सुद्धा चराचा तळ आणि भूजल ह्यांच्यात माती राहील. आणि ह्या माणसाला मी पाचपैकी पाच देते ते त्याच्या पुढच्या वाक्यासाठी. दादाने विचारलं, म्हणजे आता विहिरीचं पाणी प्यायला चालेल ना? तो म्हणाला नाही, ह्याने जंतू थांबतील, नायट्रेट मी थांबवू शकत नाही, उलट चरात हवा खेळते तिथे नायट्रेट चांगलं तयार होतं, थोडं केळी खाईल, बाकीचं विहिरीच्या उलट दिशेला जाईल, पण शेजारची टाकी ९ मीटरवर आहे तोपर्यंत हे पाणी प्यायचं नाही, कपडे-भांडी-झाडांना वापरा. पैसे घेतल्यावर असं तोंडावर सांगणारा माणूस मी कमी बघितलाय.

आता एक स्टार का कापला. रिपोर्ट दहा दिवसांत देतो म्हणाले आणि २६ दिवस लागले, तोपर्यंत जूनचा पाऊस सुरू झाला आणि काम दिवाळीवर गेलं. पाण्याचे आकडे फोनवर आधी सांगितले म्हणून बरं, नाहीतर बाळाच्या बाबतीत मी हे माफ केलं नसतं. दुसरं म्हणजे रिपोर्ट सगळा इंग्रजीत, ३१ पानं, दादा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, काका त्याच्याही आधीचे, त्यांना त्यातलं काय कळणार? मी फोन करून भांडले तेव्हा दोन पानांचा मराठी गोषवारा पाठवला आणि तो इतका छान होता की मला कळत नाही हा आधीच का देत नाहीत. तिसरं, चार्जेस. माती आणि पर्कोलेशनचे १४,५००, पाण्याचे सॅम्पलमागे १,८००, हे आधी सांगितलं होतं, पण खड्डे खणायची मजुरी वेगळी आणि सक्शन गाडी वेगळी हे आदल्या संध्याकाळी फोनवर कळलं, ती आमची आणखी साडेपाच हजार गेली. कोटेशनमध्येच लिहायला हवं. ऑफिसातली फोनवरची मुलगी पण दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारते.

पावसाळ्यातली एक व्हिजिट पॅकेजमध्ये असते, ती जुलैची ऑगस्टवर ढकलली, पण आले. खड्ड्याच्या जागी रोवून ठेवलेल्या भोकं पाडलेल्या पाइपमध्ये टेप सोडला, पाणी जमिनीखाली १.१५ मीटरवर. काकांचा दोर आणि ते भगवे ठिपके दोन्ही खरे निघाले. विहिरीत नायट्रेट ५४, पावसाचं पाणी मिसळून थोडं उतरलंय, आणि ई-कोलाय आहेतच, जुन्या टाकीचं काम अजून व्हायचंय.

त्या दिवशी शेजारचे अण्णा पण बघायला आले होते. आधी ते जरा नाराज होते, आमच्या टाकीवर कशाला बोलता म्हणून. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे. इंजिनिअरने त्यांना वेगळं काही सांगितलं नाही, फक्त त्यांच्या बोअरचा ३३ आकडा आणि तो १४ वाला कागद दाखवला. अण्णांनी कागद बराच वेळ वाचला आणि म्हणाले माझी पण टाकी पाणी भरून बघून द्या, तळ आहे का. गाडी आमच्याबरोबर एकत्रच बोलावणार आहोत, म्हणजे भाडं अर्धं पडेल. आमच्या गल्लीत १४ घरं आहेत, त्यातल्या पाच जणांनी पाण्याच्या बाटल्यांसाठी नावं दिलीत, नोव्हेंबरमध्ये हे लोक परत येतील तेव्हा सगळ्यांचं एकदमच घेणार. ह्या वेळी रिपोर्ट मराठीत हवा असं मी आधीच लेखी घेतलंय.